आकाशातून पडलेल्या दगडांचे कूळ

अशनी कोणत्या ग्रहावरून आला, हे त्याच्या रंगरूपावरून ठरत नाही. मंगळावर लाव्हा थिजून झालेला दगड आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या टेकडीवरचा काळा पाषाण यांत मुख्य खनिजे तीच असतात, पायरॉक्सीन आणि प्लॅजिओक्लेज. दोन्ही बेसाल्टच. यवतमाळचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्हाचा आहे. पांढरकवडा-वणी परिसरात शिबला-पार्डीजवळ २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात उघडे पडलेले सहाकोनी खांब याच लाव्हाचे. तो सावकाश निवत गेला आणि आकसताना त्याला उभे तडे गेले. लाव्हा पृथ्वीवर थिजो, मंगळावर थिजो की एखाद्या लघुग्रहावर, खनिजे बनण्याचे नियम बदलत नाहीत. म्हणून दगडाचे जन्मस्थान शोधताना डोळ्यांना दिसणारे बहुतेक पुरावे बाजूला ठेवावे लागतात. मग जे डोळ्यांना दिसत नाही ते मोजायचे: ऑक्सिजनच्या प्रकारांचे प्रमाण, काचेत अडकलेला वायू, स्फटिकांचे वय. गेल्या पन्नास-साठ वर्षांत हे शास्त्र कुठवर पोचले याचा आढावा घ्यायला महाराष्ट्रातले आणि भारतातले अशनी पुरेसे आहेत. या शोधातले काही कळीचे दगड इथेच पडले.

दगड आकाशातून आला की नाही, हे आधी ठरवावे लागते. वातावरणातून येताना अशनीचा पृष्ठभाग वितळतो आणि त्यावर जेमतेम मिलिमीटरभर जाडीची काळी साल धरते. तुटलेल्या कडेला ही साल आणि आतला फिकट करडा दगड यांतली सीमा स्पष्ट दिसते. बेसाल्टवर अशी साल नसते. तो झिजतो तेव्हा तपकिरी पापुद्रे सुटतात. विदर्भातल्या बेसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांची भोके असतात आणि त्यांत पुष्कळदा पांढरे झिओलाइट किंवा गारगोटी भरलेली असते. अशनीत अशी भोके जवळपास कधीच नसतात. लोहचुंबकाची चाचणी मात्र फसवी आहे. बहुतेक अशनींत निकेलयुक्त लोखंडाचे कण असल्याने त्यांना चुंबक चिकटतो, पण बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइटमुळे तोही चुंबकाला थोडाफार ओढ दाखवतो आणि भट्टीतून निघालेला लोखंडाचा मळही.

आकाशातून पडणारी प्रत्येक वस्तू अशनी नसते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे रांगेने जाताना हजारो लोकांनी पाहिले. नंतर चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचे मोठे कडे सापडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणाऱ्यांचे मत पडले. यापेक्षा वेगळी घटना त्याच्या दहा वर्षे आधीची. २२ मे २०१२ च्या दुपारी मोठा आवाज होऊन नागपूर जिल्ह्यातल्या काटोल आणि आसपास दगड पडले. यवतमाळ शहरापासून काटोल उत्तरेला शंभर-एक किलोमीटरवर आहे. लोकांनी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने मिळून सुमारे १३ किलो वजनाचे तुकडे गोळा केले. विदर्भातल्या अशनींपैकी सर्वांत बारकाईने अभ्यासलेला अशनी हाच.

तुकडे लगेच उचलले जाणे फार महत्त्वाचे असते. काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल धरून राहते, आणि अशनीतले लोखंड काही हंगामांतच गंजायला लागते. सहारा किंवा अंटार्क्टिकात हजारो वर्षे पडून राहिलेले अशनी ओळखता येतात. वऱ्हाडाच्या मातीत असा दगड फार काळ टिकणे अवघड. भारतातले नोंदलेले बहुतेक अशनी पडताना पाहिलेले आहेत, याचे एक मोठे कारण हे हवामान आहे. सरकी पेरताना किंवा वखरताना औताला लागलेला जुना अशनी मिळण्याची आशा इथे कमी, म्हणून डोळ्यांदेखत पडलेला प्रत्येक तुकडा मोलाचा.

कूळ ठरवण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे ऑक्सिजन. खडकाच्या वजनात साधारण निम्मा वाटा ऑक्सिजनचाच असतो आणि त्याचे तीन स्थिर समस्थानिक आहेत: १६, १७ आणि १८ वस्तुमानाचे. बाष्पीभवन, स्फटिकीभवन, पाण्याशी होणारी क्रिया अशा जवळपास सगळ्या घडामोडींत हे समस्थानिक वस्तुमानाच्या हिशेबाने वेगळे होतात. १८ चे प्रमाण जितके सरकते त्याच्या साधारण निम्मे १७ चे सरकते. त्यामुळे पैनगंगेचे पाणी, वणी तालुक्यातली चुनखडी, यवतमाळचा बेसाल्ट आणि हिमालयातला ग्रॅनाइट यांची मापे आलेखावर मांडली तर ती एकाच तिरप्या रेषेवर येतात. ती पृथ्वीची रेषा. मंगळाची रेषा तिला समांतर, पण किंचित वर आहे. वेस्टा या लघुग्रहाची किंचित खाली. सूर्यमाला घडताना वायू आणि धूळ पूर्ण एकजीव झाली नव्हती, आणि प्रत्येक पिंडाने आपापल्या परिसरातले मिश्रण उचलले. ते मिश्रण पुढे वितळले, थिजले, फुटले तरी त्याची खूण पुसली गेली नाही. १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठात रॉबर्ट क्लेटन आणि सहकाऱ्यांनी आयेंदे या अशनीत ऑक्सिजनची अशी वेगळी मापे दाखवली, तेव्हापासून अशनींचे वर्गीकरण या रेषांवर उभे आहे.

मोजणी नाजूक असते. दगडातून एक-दोन मिलिग्रॅमचा कण घेतात, म्हणजे मिठाच्या काही खड्यांइतका. तो निर्वात पेटीत ठेवून फ्लोरिनच्या संयुगाच्या वाफेत लेझरने तापवतात. फ्लोरिन खनिजातल्या सिलिकॉन आणि धातूंना धरून बसतो, ऑक्सिजन मोकळा होतो. तो गाळून, शुद्ध करून वस्तुमान वर्णपटमापकात सोडतात. मंगळ आणि पृथ्वीच्या रेषांतले अंतर दहा हजारांत तीन भाग एवढेच आहे. नमुन्यात पृथ्वीवरचा गंज मिसळला तर एवढा फरक सहज बिघडतो, म्हणून तो आधी आम्लाने धुवून काढतात.

ऑक्सिजनने वेगळी ठरलेली प्रत्येक रेषा ग्रहाची असेलच असे नाही. पडणाऱ्या अशनींपैकी बहुसंख्य दगड कधीही ग्रह न झालेल्या पिंडांचे आहेत. त्यांना कोंड्राइट म्हणतात. त्यांत मिलिमीटरभर आकाराचे गोल दाणे असतात. हे दाणे सूर्यमालेच्या आरंभी, सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, वितळलेल्या थेंबांतून थिजले. ग्रहाइतका मोठा पिंड आतून वितळतो, लोखंड गाभ्यात उतरते आणि हे दाणे नाहीसे होतात. म्हणून दाणे किंवा त्यांचे अवशेष दिसले की हा दगड लहान, न वितळलेल्या पिंडाचा, असा निष्कर्ष निघतो. काटोल हा याच जातीचा, एल गटाचा, म्हणजे लोखंड कमी असलेला. अकोला जिल्ह्यात अंदुरा इथे १९३९ मध्ये पडलेला अशनी आणि परभणी जिल्ह्यातला १९२८ चा नावकी हे जास्त लोखंडाच्या एच गटाचे.

काटोल अशनीने एक धडा दिला आहे, आणि या सगळ्या विषयात तो पुन्हापुन्हा उपयोगी पडतो. खरगपूरच्या आयआयटीतले सुजय घोष आणि सहकाऱ्यांनी त्यात ब्रिजमनाइट हे खनिज शोधले आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरपेक्षा खोल हे खनिज विपुल आहे, पण तिथून वर येताना ते टिकत नाही. नैसर्गिक रूपात ते पहिल्यांदा ओळखले गेले तेही ऑस्ट्रेलियातल्या टेनहॅम या अशनीतच. मग काटोल पृथ्वीएवढ्या ग्रहाच्या पोटातून आला का? नाही. दोन लघुग्रह आदळले तेव्हा क्षणभर तितकाच दाब निर्माण झाला, दगडात वितळलेल्या शिरा पडल्या आणि त्या थिजताना ब्रिजमनाइट तयार झाले. दाब कशाने आला, पिंडाच्या वजनाने की आघाताने, हे वेगळे करता आले नाही तर दगडाचे कूळ चुकते. पुढे हिऱ्यांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक तीव्रपणे उभा राहतो.

एल गटाचा मूळ पिंड सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी एका प्रचंड टकरीत फुटला. त्याचा पुरावा स्वीडनमध्ये किनेकुले डोंगराजवळच्या चुनखडीच्या खाणीत आहे. फरशीसाठी कापलेल्या लाद्यांत काळपट डाग दिसत. खाणीवाले त्या लाद्या खराब म्हणून टाकून देत. बिर्गेर श्मित्झ यांच्या गटाने दाखवले की हे डाग म्हणजे त्या काळच्या समुद्रतळावर पडून गाळात गाडले गेलेले अशनी आहेत. शंभरांहून अधिक सापडले. बाकी सगळी खनिजे बदलून गेली होती. फक्त क्रोमाइटचे दाणे शाबूत होते आणि त्यांतल्या ऑक्सिजनवरून ते एल गटाचे ठरले. त्यांतला एक मात्र आज पडणाऱ्या कोणत्याही अशनीशी जुळत नाही. त्याच्या कुळातले दगड संपून गेले असावेत. प्राचीन अशनींच्या अभ्यासातला हा भाग विशेष मोलाचा वाटतो, कारण आज पडणारे दगड हा सूर्यमालेचा कायमचा नमुना नाही, तर अलीकडच्या काही टकरींचा माल आहे, हे त्यातून कळते. २०२४ मध्ये दोन संशोधनांनी हे आणखी नेमके केले: एल गट मस्सालिया या लघुग्रहाच्या कुटुंबाशी जोडला गेला, तर एच गट कोरोनिस आणि कारीन या कुटुंबांशी. काटोलचा उगम सांगायचा तर आज मस्सालियाकडे बोट दाखवावे लागेल.

मूळ पिंड नावानिशी सांगता येणारे पहिले कूळ वेस्टाचे. त्यातला एक दगड खानदेशचा आहे. १८४३ मध्ये एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर, याच्या परिसरात मानेगाव इथे एक दगड पडला आणि फुटला. त्यातले मोजके ग्रॅमच संग्रहालयांत टिकले. तो डायोजेनाइट आहे: जवळजवळ सगळा एकाच जातीच्या पायरॉक्सीनचा, म्हणजे वितळलेल्या पिंडात खोलवर सावकाश थिजलेला. याच पिंडाच्या पृष्ठभागावर जो लाव्हा पसरला त्याचे दगड युक्राइट म्हणून ओळखले जातात. १९७० मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी वेस्टावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचा वर्णपट घेतला तेव्हा तो युक्राइटच्या वर्णपटाशी जुळला. अडचण एवढीच की वेस्टापासून पृथ्वीपर्यंत थेट वाट नव्हती. १९९३ मध्ये रिचर्ड बिन्झेल आणि शुइ शू यांना वेस्टाच्याच वर्णपटाचे छोटे लघुग्रह सापडले. वेस्टापासून निघालेली त्यांची रांग थेट गुरूच्या ओढीमुळे कक्षा डळमळीत होणाऱ्या पट्ट्यापर्यंत पोचत होती, आणि तिथून दगड पृथ्वीकडे वळू शकतात. १९९६ मध्ये हबल दुर्बिणीला वेस्टाच्या दक्षिण ध्रुवावर अवाढव्य विवर दिसले. २०११-१२ मध्ये डॉन यानाने ते जवळून पाहिले: सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाच्या पिंडावर जवळजवळ ५०० किलोमीटरचे विवर. मानेगावसारखा खोलातला दगड बाहेर फेकायला एवढा घाव लागतोच.

वेस्टा एवढ्याशा आकाराची असून आतून वितळली कशी, याचे उत्तरही भारतात पडलेल्या दगडात मिळाले. २० जून १९९६ ला राजस्थानात पिपलिया कलाँ इथे युक्राइट पडला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने १९९९ मध्ये दाखवले की तो थिजला तेव्हा त्यात अल्पायुषी ॲल्युमिनियम-२६ शिल्लक होते. या किरणोत्सारी ॲल्युमिनियमच्या उष्णतेने लहान पिंडही लवकर वितळले. मात्र प्रत्येक युक्राइट वेस्टाचा समजणे बरोबर नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेला बनबुरा रॉकहोल दिसायला युक्राइट आहे, पण त्याचा ऑक्सिजन वेस्टाच्या रेषेवर बसत नाही. तो दुसऱ्याच कोणत्या तरी वितळलेल्या पिंडाचा.

मंगळाची ओळख सर्वांत जास्त वादातून पक्की झाली. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमध्ये गया जिल्ह्यात शेरघाटी इथे सुमारे पाच किलोचा दगड पडला. त्याचा मोठा भाग कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेकडे आहे. १८७२ मध्ये व्हिएन्नाचे गुस्टाव चेरमाक यांना त्यात एक चमत्कारिक पदार्थ आढळला: आकार प्लॅजिओक्लेजच्या स्फटिकाचा, पण आतून काच. त्याला मॅस्केलिनाइट हे नाव मिळाले. खूप पुढे कळले की जबर आघाताने स्फटिक न वितळताच काच होतो.

तशाच आघाताचा पुरावा विदर्भातच पाहता येतो. पुसदच्या पश्चिमेला, बुलडाणा जिल्ह्यात, लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर दख्खनच्या बेसाल्टमध्येच कोरले गेले आहे. १९७० च्या दशकात तिथल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडले. बेसाल्टमध्ये झालेली आघात-विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत, म्हणून मंगळाच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणारचे दगड हाताशी असावे लागतात. यवतमाळच्या टेकड्यांतला दगड लोणारसारख्या घावाखाली आला तर त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली शेरघाटीच्या दगडाशी पुष्कळ जुळतील. फरक दाखवील तो ऑक्सिजन. लोणारला आदळलेला पिंड स्वतः वाफ होऊन गेला. तिथल्या काचेच्या बारीक गोळ्यांत निकेल, क्रोमियम आणि कोबाल्ट यांचे प्रमाण वाढलेले आढळते, त्यावरून तो कोंड्राइट असावा असा कयास आहे.

शेरघाटी, इजिप्तमधला १९११ चा नाखला आणि फ्रान्समधला १८१५ चा शासिन्यी यांचा एक गट मानला जात होता, पण त्यांचे वय कोड्यात टाकणारे होते. नाखला १३० कोटी वर्षांचा, शेरघाटी त्याहून कितीतरी तरुण. लघुग्रह इतक्या उशिरापर्यंत तप्त राहत नाहीत. ज्वालामुखी अलीकडेपर्यंत जागे असलेला मोठा पिंड हवा होता. १९७९-८० च्या सुमारास काही शास्त्रज्ञांनी मंगळाचे नाव घेतले तेव्हा आक्षेप आला की सेकंदाला पाच किलोमीटरच्या वेगाने दगड फेकला गेला तर तो वितळून जाईल. ही शंका १९८२ च्या जानेवारीत अंटार्क्टिकात उचललेल्या एका दगडाने बरीच कमी केली. अपोलो यानांनी आणलेल्या दगडांशी ताडून पाहिल्यावर तो चंद्राचा ठरला. चंद्राच्या बाबतीत काम सोपे होते, नमुने हातातच होते. आणि तिथे ऑक्सिजनचा उपयोगही नसता, कारण चंद्राची रेषा पृथ्वीच्याच रेषेवर पडते. पण दगड शाबूत राहून मोठ्या पिंडावरून सुटू शकतो, एवढे त्याने सिद्ध केले.

निर्णायक पुरावा १९८३ मध्ये आला. अंटार्क्टिकातल्या ईईटीए ७९००१ या दगडात आघाताने तयार झालेल्या काळ्या काचेचे खिसे होते. डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी ती काच तापवून आतले निष्क्रिय वायू मोजले. आर्गॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉनची प्रमाणे १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाच्या हवेत मोजलेल्या प्रमाणांशी जुळली. घाव बसला त्या क्षणी मंगळाची हवा काचेत कोंडली गेली होती. ऑक्सिजनची रेषा तीच असल्याने शेरघाटी, नाखला आणि शासिन्यी हेही मंगळाचे ठरले. वैश्विक किरणांनी दगडात घडवलेल्या बदलांवरून प्रवासाचा काळही मोजता येतो: नाखला आणि शासिन्यी एकाच घावात सुमारे १.१ कोटी वर्षांपूर्वी निघाले, शेरघाटी त्यानंतर. मंगळाच्या जुन्या कवचाचे नमुने तुरळक आहेत. एएलएच ८४००१ सुमारे ४१० कोटी वर्षांचा आहे, आणि २०११ मध्ये हाती आलेल्या एनडब्ल्यूए ७०३४ मधले झिरकॉन खनिजाचे काही स्फटिक ४४० कोटी वर्षांच्या आसपासचे. २०२२ मध्ये हा दुसरा दगड मंगळावरच्या कराथा नावाच्या लहानशा विवरातून निघाला असावा, असे कोट्यवधी विवरांच्या मोजणीवरून सुचवले गेले. ग्रहावरून विवरापर्यंत पोचलेला हा शोध अजून संभाव्यतेचाच आहे, हे लक्षात ठेवावे लागते.

यापुढची जमीन भुसभुशीत आहे. ७ ऑक्टोबर २००८ ला सुदानमध्ये पडलेला अल्माहाटा सिट्टा हा आदळण्यापूर्वीच दुर्बिणीने हेरलेल्या लघुग्रहाचा अवशेष. तो बहुतांश युरेलाइट आहे. या कुळाचा एक दगड १८७२ मध्ये उत्तर प्रदेशात दयालपूर इथेही पडला होता. युरेलाइटमध्ये हिरे असतात. २०१८ मध्ये त्या हिऱ्यांतल्या सूक्ष्म कणांवरून असा निष्कर्ष काढला गेला की ते २० गिगापास्कलहून अधिक दाबाखाली, म्हणजे बुध ते मंगळ यांच्या दरम्यानच्या आकाराच्या, आता नष्ट झालेल्या ग्रहाच्या पोटात वाढले. दोन वर्षांत दुसऱ्या गटाने हरकत घेतली: आघाताच्या क्षणी वितळलेल्या धातूच्या साह्याने असे हिरे बनू शकतात, त्यांना ग्रहाचे पोट लागत नाही. काटोलच्या ब्रिजमनाइटचा अनुभव पाहता ही हरकत वजनदार आहे. हरवलेले ग्रह होते यात शंका नाही. अल्जीरियात २०२० मध्ये सापडलेला एर्ग शेश ००२ हा ४५६.५ कोटी वर्षांचा, ज्वालामुखी कवचाचा दगड कोणत्याही ज्ञात पिंडाशी जुळत नाही. पण त्या पिंडांचा आकार केवळ खनिजांच्या दाबावरून ठरवणे धोक्याचे आहे.

बुधाचा म्हणून निर्विवाद ठरलेला एकही अशनी नाही. एनडब्ल्यूए ७३२५ या हिरवट दगडाचे नाव काही काळ गाजले. त्याचे ४५६ कोटी वर्षांचे वय आणि ऑक्सिजन पाहता तो बुधाऐवजी एखाद्या लघुग्रहाचा असण्याची शक्यता जास्त. ऑब्राइट हे दुसरे दावेदार. त्यांत लोखंड जवळपास नसलेली खनिजे असतात आणि मेसेंजर यानाने २०११ ते २०१५ मध्ये मोजलेल्या बुधाच्या पृष्ठभागाशी त्यांचे काही साम्य आहे. उत्तर प्रदेशात बस्ती इथे १८५२ मध्ये आणि गुजरातमध्ये दियोदर तालुक्यात १७ ऑगस्ट २०२२ ला असे दगड पडले. तरी बुधाची ऑक्सिजन रेषा मोजली गेलेली नसल्याने ताळा करायला काही नाही. २०१८ मध्ये निघालेले बेपीकोलंबो यान कक्षेतून पृष्ठभागाचे रसायन मोजेल, नमुना आणणार नाही. शुक्राचाही अशनी ओळखलेला नाही. तिथून सुटायला सेकंदाला दहा किलोमीटरहून अधिक वेग लागतो, आणि पृथ्वीपेक्षा नव्वदपट दाबाच्या हवेतून दगड बाहेर पडणे जवळपास अशक्य आहे.